ई-गाड्यांची चाचणी एक वर्ष आमच्या रस्त्यावर पण घ्या

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अमुक कंपनी आणि तमुक महानगरपालिका मिळून ई-बसची चाचणी घेऊन राहिले, इतके चार्जिंग स्टेशन उभे होऊन राहिले अशा बातम्या नेहमी येतात आणि मी त्या शेवटपर्यंत वाचतो, कारण माझं पोटच त्याच्यावर आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. आधी दुसऱ्याच्या काळीपिवळीवर ड्रायव्हर होतो, मग स्वतःचा डिझेलचा ॲपे घेतला आणि दोन वर्षं झाली, फायनान्स करून बॅटरीवाला ऑटो घेतला. गाव ते तालुका १४ किलोमीटर, दिवसाच्या तीन फेऱ्या म्हणजे जाऊन-येऊन ८४ किलोमीटर, आणि बाजाराच्या दिवशी एखादी फेरी जास्तीची.

पहिले हे सांगतो की गाडी चांगली आहे. मी ह्या गाड्यांच्या विरोधात लिहून राहिलो असं कोणी समजू नये. ॲपेला रोजचं तीनशेच्या आसपास डिझेल लागायचं, आता लाईटचा खर्च सत्तर-ऐंशी रुपये येतो, धूर नाही, कानाशी धडधड नाही, मागे बसलेल्या बाया एकमेकींशी बोलतात ते मला समोर ऐकू येते. तीस वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी घरी आल्यावर माझं डोकं दुखत नाही. म्हणूनच वाटते की ही गाडी खेड्यात टिकली पाहिजे आणि ती टिकायची असेल तर तिची परीक्षा खेड्यातही झाली पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे, पण ते नीट समजायला थोडं लांबून सांगावं लागेल.

शहरात सरकार आणि खाजगी कंपनी मिळून गाड्यांची चाचणी घेतात ती पद्धत मला पसंत आहे. एकट्या महानगरपालिकेला दीड-दोन कोटीची बस घेऊन प्रयोग करणं परवडत नाही आणि एकट्या कंपनीला रस्ता, जागा, परवाना, लाईट हे सगळं मिळत नाही, म्हणून दोघांनी मिळून करायचं हे बरोबर आहे. आणि आपल्या विदर्भात तर हे नागपूरनं बरंच आधी करून पाहिलं. ऑगस्ट २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवर चालणारी स्कॅनिया कंपनीची बस चाचणीसाठी आली, हिरवी बस म्हणून लोक तिला ओळखायचे. पुढं महानगरपालिकेसोबत करार होऊन अशा ५५ बस चालवायचं ठरलं आणि २०१८ मध्ये पैशाच्या आणि सोयीसुविधांच्या वादात कंपनीनं सेवा बंद केली. दुसरी गोष्ट मे २०१७ ची, नागपूर विमानतळावर गडकरी साहेब आणि फडणवीस साहेबांच्या हस्ते ओला कंपनीनं विजेवरच्या गाड्यांचा प्रयोग सुरू केला, २०० गाड्या सांगितल्या होत्या, त्यातल्या १०० महिंद्राच्या कार, आणि ५० कोटींची गुंतवणूक. एक वर्ष पण झालं नव्हतं तर बातम्या आल्या की चार्जिंगला रांगा लागतात, ड्रायव्हरचा निम्मा दिवस त्याच्यातच जातो, खर्च निघत नाही म्हणून ड्रायव्हर गाड्या परत करून पुन्हा डिझेलकडे जायचं म्हणून राहिले.

ह्या दोन्ही गोष्टींवरून लोक म्हणतात की प्रयोग फसला. मी तसं म्हणणार नाही. चाचणीत गाडी बंद पडली, रांग लागली, उन्हानं बॅटरी चार्ज होईना, हे कळणं हेच तर चाचणीचं काम आहे, नाहीतर चाचणी घ्यायची कशाला. पण जे कळलं ते कोणाकडे गेलं? ड्रायव्हरच्या घरचा दिवसाचा हिशोब का जुळला नाही, चार्जर किती कमी पडले, मे महिन्यात किती वेळ वाया गेला, हे माझ्यासारख्यानं २०१७-१८ चं वाचून मग गाडी घ्यायला पाहिजे होती. ओलाच्या संस्थेनं २०१९ मध्ये नागपूरच्या अनुभवावर अहवाल काढला पण तो इंग्रजीत, आणि तो धोरण ठरवणाऱ्यांसाठी आहे, ऑटोवाल्यासाठी नाही. रस्ता लोकांचा, जागा लोकांची, सबसिडी लोकांच्या पैशाची, तर निकाल पण लोकांच्या भाषेत लोकांसमोर आला पाहिजे ना.

आता माझ्या गाडीचं सांगतो.

नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे दिवस. दुपारी दोन वाजता मी दुसरी फेरी करून घरी आलो आणि नेहमीसारखी गाडी चार्जिंगला लावली, जेवलो, दुपट्टा ओला करून डोक्यावर घेऊन जरा पडलो. चार वाजता पाहतो तर चार्ज जिथल्या तिथंच. चार्जरवर लाल लाईट. मला वाटलं चार्जर गेला. नंतर शोधत शोधत कळलं की लिथियमचे सेल साधारण ४५ अंशांच्या वर गरम असले की त्यांना चार्ज करू नये म्हणून बॅटरीतला कॉम्प्युटरच चार्जिंग थांबवतो, आणि ते आपल्या भल्यासाठीच आहे. पण साहेब, आमच्याकडं मे महिन्यात ४५ अंश तर सावलीत असते! चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ह्यांची नावं दर उन्हाळ्यात देशाच्या बातमीत येतात, नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं. डांबरी रस्त्यावर २८ किलोमीटर चालून आलेली बॅटरी किती गरम असेल. मग मी आपल्याच डोक्यानं उपाय काढला, आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, अंगणातल्या कडुलिंबाखाली दीड तास उभी ठेवायची, सीट उचलून ठेवायची, बुडाशी हात लावून पाहायचा आणि मग पिन खोचायची. हे मला कोणत्याही माहितीपुस्तकात सापडलं नाही. आणि त्या दीड तासात माझी तिसरी फेरी जाते.

म्हणाल की रात्री चार्ज कर. रात्रीचं असं आहे की मे महिन्यात गावात घराघरात कूलर चालू असतात, डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, एकच, आणि ती पण जुनी. नऊ ते एक व्होल्टेज इतकं पडते की बल्ब पिवळा दिसते, चार्जर मध्येच बंद होते, पुन्हा सुरू होते, एखाद्या दिवशी डीओच, म्हणजे डीपीवरचा फ्यूजच, उडते आणि मग सकाळपर्यंत काहीच नाही. सकाळी सहाला पाहावं तर बॅटरी सत्तर टक्के. कंपनीनं कागदावर लिहिलेले किलोमीटर मला हिवाळ्यात जवळपास मिळतात, उन्हाळ्यात मिळत नाहीत, आणि त्यात बॅटरीची चूक कमी आणि तिला पोटभर खायला मिळत नाही ही चूक जास्त.

पावसाळ्यातलं तर विसरू म्हटलं तरी विसरत नाही. आमच्या आणि फाट्याच्या मध्ये एक नाला आहे, त्याच्यावरचा पूल ठेंगणा, मोठा पाऊस आला की वरून फूटभर पाणी जाते आणि तासा-दोन तासात उतरते. ॲपेनं आम्ही अशा पाण्यातून शेकडो वेळा गेलो. बॅटरीची गाडी घेतल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी पुलाच्या अलीकडं थांबलो, पाणी घोट्याच्या वर, गाडीत सहा जण, त्यात एक म्हातारे बाबा तालुक्याहून डोळे तपासून येऊन राहिलेले. ते मला म्हणाले, "बाप्पा, पाण्यात नेली त हे गाडी करंट त नाही मारन?" आणि मला उत्तर देता आलं नाही. मी दोन वर्षांचे हप्ते सही करून आलेला माणूस, गाडी माझी, अन् मला उत्तर येईना. शोरूमला फोन लावला तर म्हणाले पाण्यात नेऊच नका. आता मला माहीत आहे की बॅटरीवर आयपी ६७ असं लिहिलेलं असलं तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून तपासलेली असते आणि करंटची भीती नाही. पण ते तपासणीचं पाणी स्वच्छ असते. आमच्या नाल्याचं पाणी म्हणजे पातळ केलेली काळी माती. ती घुसते तिथं घुसतेच, आणि वाळली की सिमेंट.

तसंच झालं. पोळ्याच्या आधी एक दिवस गाडी बंद पडली, स्क्रीनवर एक नंबर आला आणि गाडी जागची हलेना. ॲपे असता तर फाट्यावरच्या मिस्त्रीनं तासाभरात खोलून सुरू केला असता, पण ह्या गाडीला त्यानं हात लावला नाही, म्हणे मला समजत नाही आणि वॉरंटी गेली तर तू मला बोलशील. बरोबर बोलला तो. हेल्पलाईनवर हिंदीत एक दाबा दोन दाबा, सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरच्या वर. अकरा दिवस गाडी कडुलिंबाखाली उभी. अकरा दिवसांची कमाई गेली आणि हप्ता तर थांबत नाही, बायकोनं बचत गटातून उचल घेतली तेव्हा भागलं. बाराव्या दिवशी इंजिनिअर पोरगा आला, चांगला पोरगा होता, लॅपटॉप लावला, पाच मिनिटांत सीटखालून एक कनेक्टर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या पेरापेक्षा लहान. त्याच्या आत काळी माती भरली होती. त्यानं ब्रशनं साफ केलं, कसलं तरी ग्रीस लावलं, बसवलं आणि गाडी सुरू झाली. तो म्हणाला, "काका, शहरातल्या गाड्यांत असं कधीच पाहिलं नाही."

साहेब, ह्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहून राहिलो. त्यानं पाहिलं नाही कारण ती गाडी कधी काळ्या मातीत चालवून पाहिलीच नव्हती. एक पावसाळा जर ही गाडी यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याच्या खेड्यात कोणी चालवली असती तर तो कनेक्टर पहिल्याच पंधरवड्यात सापडला असता, वर हलवला असता किंवा त्याला रबराची टोपी बसवली असती, खर्च पाच-दहा रुपये. पुण्याला १९६६ पासून गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था आहे, मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला मोठा टेस्ट ट्रॅक झाला आहे, तिथं गरम खोलीत ठेवून, पाण्याचे फवारे मारून गाड्या तपासतात हे मला माहीत आहे आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या तेव्हा सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागू केले, म्हणजे मनावर घेतलं तर सुधारणा होते. पण मशीनची परीक्षा वेगळी आणि अख्ख्या व्यवस्थेची वेगळी. गाडी, डीपी, नाला, मिस्त्री, हप्ता, बाजाराचा दिवस, हे सगळं एका खोलीत तपासता येत नाही, ते रस्त्यावरच तपासावं लागते.

आणि ज्या योजनेतून रस्त्यावरची तपासणी होते ती आमच्या वाट्याला येत नाही. केंद्राची पीएम ई-बस सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, ५७,६१३ कोटींची, त्यात केंद्राचे २०,००० कोटी, १०,००० बस, सरकार-खाजगी भागीदारीवरच. कंपनीनं बस आणायची, चालवायची, आणि केंद्र दहा वर्षं किलोमीटरमागं मदत देणार, मोठ्या १२ मीटरच्या बसला २४ रुपये, ९ मीटरला २२, ७ मीटरला २०. चांगली योजना आहे. पण ती २०११ च्या जनगणनेप्रमाणे तीन लाखांच्या वरच्या शहरांसाठी, त्याला थोडे अपवाद आहेत ते राजधान्यांचे आणि डोंगराळ राज्यांचे. विदर्भात नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर अशी मोजकी शहरं त्या रेषेच्या वर आहेत. यवतमाळ शहर तेव्हा सव्वा लाखाच्या आत होतं, वर्धा तर त्याहून कमी. जिल्ह्याचं ठिकाणच बसत नाही तर आम्ही खेड्यातल्यांनी काय बोलावं.

वाईट ह्याचं जास्त वाटते की ती बस ज्या लाईटवर चालते ती आमच्या भागातून जाते. वणीकडच्या खाणीतला कोळसा, चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र, कोराडी, खापरखेडा. राख आणि धूर विदर्भानं घ्यायचा आणि बिनधुराची बस आधी मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर, हे लिहिताना मला मुंबई-पुण्याच्या लोकांचा राग नाही, त्यांच्या लेकरांनाही स्वच्छ हवा पाहिजेच. पण आमच्या लेकरांचा नंबर कधी लागणार ते कोणीतरी सांगा.

एसटीचं पण ह्याच्यात येते. १९४८ मध्ये पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ ला पहिली ई-शिवाई, म्हणजे एसटीची विजेवरची बस, धावली, तो दिवस मी मोबाईलवर पाहिला होता आणि मनापासून आनंद झाला होता. पुढं ५,१५० ई-बस भाडेतत्त्वावर घ्यायचा करार झाला. कंपनीची गाडी, कंपनीचा ड्रायव्हर, कंडक्टर एसटीचा आणि पैसे किलोमीटरप्रमाणे. गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत आणि २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांना करार रद्द करण्याची भाषा करावी लागली. ह्या सगळ्या काळात आमच्या गावाच्या फेऱ्या जुन्याच गाडीवर, ती पण वेळेवर आली तर आली. माझा धंदा खरं म्हणजे एसटी येत नाही म्हणूनच चालते, पण तरीही मी म्हणतो की एसटी आली पाहिजे, कारण माझ्या ऑटोत सहा माणसं बसतात आणि सकाळी फाट्यावर शाळा-कॉलेजच्या चाळीस पोरी उभ्या असतात.

भागीदारीबद्दल आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही, आमची शकुंतला रेल्वे म्हणजे दुसरं काय होतं. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, १९० किलोमीटरच्या आसपास नॅरोगेज लाईन, इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीवाल्यांनी कापूस न्यायला टाकलेली. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या पण ही लाईन कंपनीच्याच मालकीची राहिली, गाडी रेल्वेनं चालवायची आणि मोबदला कंपनीला द्यायचा, करार वाढत गेला. १९९४ पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं, मँचेस्टरहून आलेलं, मी लहानपणी त्या गाडीत बसलो आहे, आजीसोबत, आजीच्या मांडीवर वांग्याची टोपली होती आणि खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यात जायचे, गाडी इतकी हळू की पोरं उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायची. गरिबाला तिच्यापेक्षा स्वस्त काही नव्हतं. पण रूळ कोणी सुधारायचे? ज्याची मालकी तो गाडी चालवत नाही, जो चालवतो त्याची मालकी नाही. स्लीपर कुजले, पूल म्हातारे झाले, वेग कमी कमी होत गेला आणि गाडी बंद झाली. आज रुळावर बाभळी उभ्या आहेत. लोक अजून ब्रॉडगेजसाठी निवेदनं देऊन राहिले. करारात देखभालीची जबाबदारी कोणाची हे स्पष्ट नसलं आणि कोणी सोडून गेलं तर पुढं काय हे लिहिलेलं नसलं की काय होते ते आमच्या गावागावाला डोळ्यानं दिसते.

म्हणून नव्या करारांकडं मी त्याच नजरेनं पाहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ई-बसवाल्या कंपन्यांचे पैसे बुडू नयेत म्हणून हमीची योजना केली, ३,४३५ कोटींची, ३८,००० बससाठी. महामंडळानं किंवा महानगरपालिकेनं पैसे थकवले तर त्या निधीतून कंपनीला मिळतील. नागपूरच्या हिरव्या बसचं जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून हे बरोबरच केलं, कंपनीला पण पगार द्यायचे असतात. आता कंपनीच्या पैशाला हमी झाली, तर तशीच हमी प्रवाशाच्या फेरीला पण द्या. कंपनी गेली तर चार्जर उखडून नेऊ नये, तो गावाचा राहावा. फेरी रद्द झाली तर दंड लागावा आणि तो कागदावर राहू नये. बॅटरी पाच-सात वर्षांनी उतरली तर नवी कोणी टाकायची आणि जुनी कोण नेणार ते पहिल्याच दिवशी ठरावं.

मला वाटते एका तालुक्याचा डेपो घ्यावा, कोणताही, आमचाच घ्या असा माझा हट्ट नाही, आणि तिथं एक पूर्ण वर्ष ५-६ ई-बस खेड्यांच्या मार्गावर चालवून पाहाव्या. एक वर्ष म्हणजे त्यात नवतपा आला पाहिजे, सततच्या पावसाचा ऑगस्ट आला पाहिजे आणि कापूस-तुरीच्या हंगामाची गर्दी पण आली पाहिजे. सरकारच्या मानव विकास योजनेच्या ज्या निळ्या बस आठवी-बारावीच्या पोरींना नेतात-आणतात त्यांच्यापासून सुरुवात केली तर अगदी योग्य, कारण त्या गाडीचं अंतर रोज तेवढंच असते, सकाळी नेते, संध्याकाळी आणते, मधले चार-पाच तास गाडी उभीच असते, आणि तेच तास उन्हाचे म्हणजे सौरऊर्जेचे. डेपोच्या शेडवर पॅनल टाका आणि तिथंच सावलीत चार्ज करा, डीपीवर भार पण येणार नाही. मोठ्या ई-बसला किलोमीटरला एक-सव्वा युनिट लागते असं धरलं तर शंभर किलोमीटरच्या गाडीला सव्वाशे युनिट, हे काही न पेलणारं गणित नाही.

मुक्कामी गाडी त्याच्यापेक्षा अवघड, कारण ती रात्री गावात थांबते आणि पहाटे निघते, म्हणजे तिला गावातच थ्री फेज पाहिजे, वेगळी डीपी पाहिजे. पण अवघड आहे म्हणूनच तिची चाचणी घ्या. गावात बससाठी चांगली डीपी आली तर दवाखान्याच्या फ्रिजला, पिठाच्या चक्कीला, माझ्यासारख्या दोन-चार ऑटोवाल्यांना पण तिचा उपयोग होईल. ग्रामपंचायत जागा द्यायला तयार होईल, मी आमच्या सरपंचताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "जागा काय, झेडपी शाळेच्या बाजूची देऊ, पण भाऊ, आपल्याले इचारते कोन?"

आणि आयटीआयच्या पोरांना ह्या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. आमच्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये पोरं डिझेल मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन शिकून राहिले, त्यांना वर्षभर ह्या गाड्यांवर काम करू दिलं, कंपनीचा लॅपटॉप आणि त्याच्यातलं सॉफ्टवेअर त्यांच्या हाती दिलं तर चाचणी संपल्यावर तालुक्यात दहा-पंधरा मिस्त्री तयार झालेले राहतील. माझे अकरा दिवस एका ब्रशच्या कामासाठी गेले, हे मी कधीच विसरणार नाही. फाट्यावरचा आमचा मिस्त्री पण शिकायला तयार आहे, पन्नाशीचा माणूस आहे तो, मला म्हणाला कोणी शिकवलं तर मी महिनाभर दुकान बंद ठेवतो.

निकालाचं म्हणाल तर बसस्टँडवर जिथं वेळापत्रकाचा फळा असते त्याच्या बाजूला दुसरा फळा लावा, त्याच्यावर दर महिन्याला मराठीत लिहा की किती फेऱ्या ठरल्या होत्या, किती झाल्या, किती रद्द झाल्या आणि कशानं, चार्जिंग नाही म्हणून, गाडी बिघडली म्हणून, ड्रायव्हर नाही म्हणून, पाणी होतं म्हणून. एवढं झालं की गावातला माणूस स्वतः ठरवते की गाडी घ्यावी का नाही. आमच्या शेजारच्या गावात दोन पोरं बॅटरीवाला ऑटो घ्यायचं म्हणून माझ्याकडं येऊन गेले, दोघांचं पण वावर तीन एकराच्या आत, आणि मी त्यांना काय सांगावं ह्याच्यावर रात्रभर विचार केला. शेवटी माझ्याजवळची वही दाखवली.

ही वही मी गाडी घेतली तेव्हापासून लिहितो. तारीख, सकाळी बॅटरी किती टक्के, दिवसभरात किलोमीटर किती, सवारी किती, चार्जिंगला किती तास, लाईट किती वेळ गेली. दीड वर्षाच्या वर झालं. मे महिन्याची आणि श्रावण-भादव्याची पानं झेरॉक्स करून ह्या पत्रासोबत जोडतो आहे, अक्षर खराब आहे आणि काही पानांवर पाण्याचे डाग आहेत त्याबद्दल माफी असावी. एसटी महामंडळ, एखादी कंपनी किंवा इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी, ज्या कोणाला ही वही पाहिजे असेल त्याला मी पूर्ण द्यायला तयार आहे, फक्त काम झालं की परत करावी, कारण पुढची पानं लिहायची आहेत. पेपरात सगळी पानं छापायला जागा नसेल तर निदान ९ मे ते २ जूनचं पान छापावं, त्यात तिसरी फेरी किती दिवस झाली नाही ते लाल पेनानं गोल करून ठेवलं आहे.

आपला नियमित वाचक,
एक ई-ऑटोचालक,
जि. यवतमाळ